जिज्ञासापूर्ति : खांद्यावरून नेण्याची होडी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून बहुधा आरोग्य, शिक्षण व गृहव्यवस्था यांविषयींचेच प्रश्न असतात. या महिन्यांतील एक पत्र मात्र निराळें आहे. तें एका गृहस्थांचें नसून एका सबंध कुटुंबाचें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण पत्राचा पूर्वार्ध वडिलांच्या हातचा व उत्तरार्ध मातोश्रींच्या हातचा आहे. यांचे चिरंजीव गेलीं सात वर्षें कॅनडा देशांत टोरांटो शहरीं नोकरीनिमित्त राहतात. तेथें त्यांनीं ‘कॅनू’ नांवाची होडी विकत घेण्याचें मनांत आणिलें असून, येत्या उन्हाळ्यांत सूनबाई व नऊ वर्षांचा नातू यांसह अरण्यांतील सरोवरांतून पांच दिवसांचा प्रवास करण्याचा त्यांचा बेत आहे. वडील विचारतात, होडी कोणती घ्यावी, किती लांबीची व कशाची? मातोश्री एवढेंच विचारतात, होडी घ्यावीच कां? आमच्या मतें दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि पहिल्याचें उत्तर नीट दिलें म्हणजे दुसऱ्याचें पुष्कळसें त्यांतच येऊन जातें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. पुण्यास मुळामुठेवरील नौकास्पर्धा ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ठाऊक आहे कीं, तेथें वल्हविणारा पाठमोरा बसतो. त्याचीं वल्हीं होडीच्या कांठास अडकविलेलीं असतात. कॅनूंत बसणारा जावयाच्या दिशेस तोंड करून बसतो आणि एकच वल्हें दोन्ही हातांनीं मोकळें धरतो. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरील लहानशी पगार ही तिची दूरची बहीण म्हणतां येईल. परंतु पगारीस तोल राहावा म्हणून बाजूला उलांडी बांधलेली असते. कॅनूस उलांडी नाहीं. तेथें तोल सांभाळण्याचें काम बसणाऱ्याच्या कमरेकडे असतें.

‘कॅनू’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांतील रहिवाशांचा. स्पॅनिश दर्यावर्दींच्या तोंडून तो युरोपांत गेला. परंतु आज आपण जिला कॅनू म्हणतों तिचा आकार मुख्यतः उत्तर अमेरिकेंतील ओजिब्वे, पेनॉब्स्कॉट, मिक्मॅक इत्यादि मूलनिवासी लोकांनीं सिद्ध केलेला आहे. ज्या भूर्जवृक्षाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्याच कुळांतील एक वृक्ष त्या देशीं विपुल आहे. त्याची साल काढून, ती स्प्रूस वृक्षाच्या बारीक मुळांनीं शिवून, आंतून सीडरच्या हलक्या लाकडाच्या फळ्या व फासळ्या बसवीत आणि सांधे राळ, चरबी व कोळशाची पूड यांच्या मिश्रणानें बुजवीत. लोखंडी खिळ्याची गरज नसे. आपल्याकडील सुतार आधीं सांगाडा उभारून मग त्यास फळ्या ठोकतो. येथें आधीं कातडें आणि मग हाडें, असा उलटा क्रम होता.

एवढा खटाटोप कशासाठीं? तर हलकेपणासाठीं. तो देश खडक, सरोवरें व धबधबे यांनीं भरलेला आहे. एक सरोवर संपलें कीं मध्यें जमिनीचा पट्टा लागतो व पलीकडे दुसरें सरोवर असतें. तेवढ्या वाटेवर होडी माणसास वाहूं शकत नाहीं. माणसानेंच होडीस वाहावें लागतें. या वाहून नेण्यास तेथें ‘पोर्टेज’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत केसाळ कातड्यांचे व्यापारी माँट्रियलजवळील लाशीन येथून सुपीरियर सरोवरापर्यंत सुमारें ३६ फूट लांबीच्या सालीच्या होड्या नेत. त्या सरोवराच्या कांठीं ग्रँड पोर्टेज नांवाची साडेआठ मैलांची वाट आहे. व्यापाराचें प्रत्येक गांठोडें ९० पौंडांचें असे, आणि हमाल अशीं दोन गांठोडीं एका वेळीं पाठीवर घेऊन ती वाट तुडवीत. होडी निवडतांना हें चित्र डोळ्यांपुढें असावें. चिरंजीवांस ९० पौंडांचें गांठोडें नेणें नाहीं, परंतु होडी मात्र न्यावयाची आहे.

आतां निवडीकडे वळूं. होडी पाहावयास गेलेला नवखा मनुष्य बहुधा एकाच गोष्टीवरून तिची परीक्षा करतो. तो कांठाजवळच्या संथ पाण्यांत तिच्यांत बसतो, अंग हालवून पाहतो, आणि जी कमी डळमळते ती सुरक्षित असें समजतो. ही समजूत फसवी आहे. ज्या होडीचा तळ परातीसारखा सपाट असतो ती शांत पाण्यावर घट्ट बसल्यासारखी वाटते खरी. पण बाजूनें लाट आली कीं तिचा तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो, आणि एका मर्यादेपलीकडे ती कांहीं सूचना न देतां उलटते. ज्या होडीचा तळ किंचित् वर्तुळाकार असतो ती बसतांक्षणीं थोडी डळमळते. नवख्यास ती भिववते. परंतु ती कलंडली तरी कांहीं अंशापर्यंत पाण्यावर रेलून स्थिर राहते, आणि बसणाऱ्यास सावरण्यास अवधि देते. पहिली स्थिरता दुकानांत कळते, दुसरी वाऱ्यांत. कुटुंबासाठीं होडी घेणाऱ्यानें दुसरीकडे पाहावें; म्हणजे तळ अगदीं सपाटही नको व अगदीं गोलही नको, मध्यें उथळ कमानीसारखा हवा.

लांबीचा नियम सोपा आहे. लांब होडी सरळ व वेगानें जाते. आखूड होडी चटकन् वळते. त्याचप्रमाणें तळाचीं दोन्ही टोकें चंद्रकोरीप्रमाणें वर उचललेलीं असलीं तर होडी खळाळत्या पाण्यांत खडक चुकवीत सहज वळते, परंतु विस्तीर्ण सरोवरावर वाऱ्याबरोबर फिरूं लागते. तळ टोकांपर्यंत सरळ असला तर याच्या उलट. तेव्हां आधीं पाणी कोणतें तें ठरवावें. दोन मोठीं माणसें, एक मूल व पांच दिवसांचें सामान, आणि पाणी सरोवरांचें, एवढें ठरलेलें असेल तर १७ ते १८ फूट लांबीची, सुमारें ३ फूट रुंदीची, टोकांस अगदीं थोडी उचललेली होडी योग्य होय. सर्व कामांस उत्तम अशी एकच होडी कोणी सांगूं लागला तर त्याचें ऐकूं नये. ‘प्रॉस्पेक्टर’ नांवाचा खोल व वळणसुलभ असा एक प्रसिद्ध घाट आहे. कॅनूविषयीं चित्रपट व ग्रंथ निर्माण करणारे बिल मेसन (१९२९–१९८८) यांचा तो आवडता होता. तोही नदी व सरोवर या दोहोंमधील एक तडजोडच आहे.

होडी कशाची असावी, या प्रश्नाचें उत्तर खांद्यास विचारावें. भूर्जसालीनंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन संस्थानांत लांकडी फासळ्यांवर रंगविलेलें कॅनव्हास ताणण्याची पद्धत आली. या होड्या फार सुंदर व दुरुस्तीस सोप्या, पण निगा मागतात. १९४५ पासून ग्रमन नांवाचा विमानांचा कारखाना ॲल्युमिनियमच्या होड्या करूं लागला. त्या कारखान्याच्या एका अधिकाऱ्यास सुटींत जड होडी वाहून नेतांना ही कल्पना सुचली, असा तिचा इतिहास आहे. ॲल्युमिनियमची १७ फुटी होडी ६५ ते ७५ पौंड भरते. ती टिकाऊ असते, मात्र खडकावर मोठा आवाज करते व कधीं कधीं चिकटून बसते. पुढें ‘रॉयलेक्स’ नांवाचा थरांचा प्लास्टिकचा पत्रा निघाला. तो खडकावर आपटून वांकला तरी पुन्हा पूर्ववत् होई. नदीवरील लोकांस तो अतिशय प्रिय होता. परंतु २०१४ च्या सुमारास त्याचें उत्पादन बंद झालें, व आतां त्याच्या होड्या जुन्या बाजारांतच मिळतात. साध्या पॉलिएथिलीनच्या होड्या स्वस्त, पण ८० पौंडांहूनही जड भरतात. फार हलक्या त्या केव्हलार धाग्याच्या. या धाग्याचा शोध १९६५ सालीं स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें लाविला. अशी १७ फुटी होडी सुमारें ४५ पौंड, म्हणजे २० किलो असते, आणि एकटा मनुष्य ती उलटी करून, मधल्या जोखडावर खांदे टेकवून नेऊं शकतो. तिची किंमत मात्र जबर असते. शिवाय ती खडकावर घांसूं देतां येत नाहीं. कांठ येण्यापूर्वींच बसणाऱ्यानें गुडघाभर पाण्यांत उतरावें व होडी तरंगत असतांनाच सामान काढावें, असा तिचा रिवाज आहे. ज्यांस बूट भिजलेले खपत नाहींत त्यांनीं ती घेऊं नये.

वल्हें उभें धरिलें असतां हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावें. दोघे असतील तर पुढच्यानें एका बाजूस व मागच्यानें दुसऱ्या बाजूस वल्हवावयाचें. पुढचा मनुष्य गति व लय ठरवितो आणि पाण्याखालील खडक पाहतो. मागचा दिशा सांभाळतो. प्रत्येक वल्ह्यासरशीं होडीची नाळ विरुद्ध बाजूस थोडी वळते. तें वळण मोडण्यासाठीं मागच्यानें वल्हें ओढून झाल्यावर पातें होडीपासून बाहेर हलकेच ढकलावयाचें असतें. त्या वेळीं वरच्या हाताचा अंगठा खालीं वळला पाहिजे. पात्याचा मार्ग इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा होतो, म्हणून त्यास तेंच नांव आहे. हें एक साधलें म्हणजे बाजू न बदलतां तासन्‌तास सरळ जातां येतें. जोर दंडाचा नसून पाठ व कमर यांचा असावा. वारा उठला कीं आसनावरून उतरून गुडघे टेकावेत. त्यानें शरीराचा भार खालीं येतो व होडी शांत होते. नवीन जोडप्यांचा या होडींत बहुधा पहिल्याच दिवशीं कलह होतो, असें सांगतात. पुढच्यास वाटतें, मागचा नीट वळवीत नाहीं. मागच्यास वाटतें, पुढचा ऐकत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें नवें नाहीं. पुढच्यानें खडक मोठ्यानें सांगावा, बाकीच्या सूचना मागच्यावर सोंपवाव्या.

उथळ व वेगवान नद्यांवर मात्र वल्हें निरुपयोगी ठरतें. पातें तळास लागतें आणि प्रवाह मागें ढकलतो. तेथें काठीचा प्रयोग करतात. आपल्याकडे खाडींत तरीवाला बांबू रोवून होडी पुढें रेटतो, त्याच जातीची ही विद्या. परंतु येथें ती खळाळत्या पाण्यांत, तीही उभ्यानें चालवावयाची असते. काठी सुमारें १२ फुटांची, पूर्वीं स्प्रूस अथवा ॲश लांकडाची व टोकास लोखंडी टोपण असलेली, हल्लीं ॲल्युमिनियमची. थोरो, ज्याचें नांव गांधीजींचें चरित्र वाचणाऱ्यांस परिचित आहे, तो १८४६ सालीं मेनच्या अरण्यांत गेला असतां तेथील नावाड्यांनीं त्याची चपटी होडी काठ्यांच्या जोरावर धावत्या प्रवाहाविरुद्ध वर चढविली. तें वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथांत आहे.

या विद्येचें एक मर्म आहे, व तें वल्हविणाऱ्यासही उपयोगी पडतें: प्रवाहाच्या वरच्या अंगास असलेलें होडीचें टोक नेहमीं हलकें असावें. प्रवाहाविरुद्ध चढतांना मनुष्य मध्याच्या किंचित् मागें उभा राहतो, म्हणजे नाळ उचललेली राहते व पाणी तिला धरूं शकत नाहीं. उतरतांना तो थोडा पुढें सरकतो व काठी समोर टेकवीत टेकवीत होडीचा वेग आंवरतो. पाण्यापेक्षां सावकाश खालीं येण्याची सोय वल्ह्यापेक्षां काठीनें कितीतरी सुलभ होते; मनुष्यास खडक पाहण्यास, विचार करण्यास व थांबण्यास अवकाश मिळतो. काठी चिखलांत किंवा दगडांच्या सांध्यांत अडकली तर ती तत्काळ सोडून द्यावी. काठीस कवटाळणारा काठीवरच राहतो व होडी पुढें जाते. मेनमधील ९२ मैलांचा ॲलागॅश जलमार्ग १९६६ पासून संस्थानानें राखून ठेविलेला आहे. तेथें व शेजारच्या नद्यांवर ही विद्या अजून जिवंत आहे. चिरंजीवांनीं ती पुढेंमागें अवश्य शिकावी, परंतु एकट्यानें व कंबरभर पाण्यांत. मुलास घेऊन जाण्याच्या प्रवासांत तिचें काम नाहीं.

प्रवासासाठीं टोरांटोच्या उत्तरेस, मोटारीनें कांहीं तासांच्या वाटेवर, १८९३ सालीं स्थापन झालेलें ॲल्गॉन्क्विन उद्यान आहे. आधीं परवाना व मुक्कामाची जागा राखून ठेवावी लागते. आंतील भागांत डबे व बाटल्या नेण्यास मनाई आहे. ही मनाई आपल्या घरांस मुळींच जाचक नाहीं. पोहे, मेतकूट, सातूचें पीठ, डाळतांदूळ व लाडू यांस डबाबंद अन्नाची गरज काय? सारें कापडी पिशव्यांत भरून जलाभेद्य गांठोड्यांत घालावें, जड गांठोडीं तळाशीं व मध्यावर ठेवावीं. अस्वलें असल्यामुळें रात्रीं अन्न तंबूंत ठेवूं नये. दूर झाडास उंच टांगावें. वाहून नेण्याचा हिशेबही आधीं करावा. सामान दोन खेपांत न्यावयाचें असेल तर ५०० मीटरांची वाट वस्तुतः दीड हजार मीटर होते: भरून एकदां, रिकामें परत, पुन्हा भरून. पहांटे निघावें, कारण वारा बहुधा दुपारीं वाढतो. आणि मोठें सरोवर मधून न कापतां कांठाकांठानें जावें. मे–जूनमध्यें त्या प्रदेशांत चावऱ्या काळ्या माशांचा उपद्रव फार असतो. ऑगस्टमध्यें तो बराच कमी होतो, व पाणीही उबदार असतें.

पाण्याच्या उबेचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही त्याच प्रांतांत एका आप्तांकडे गेलों होतों. ऊन स्वच्छ होतें, हवा सुखद होती. होडी भाड्यानें घेतांना आम्हीं बसून, हालवून, सर्वांत कमी डळमळणारी, म्हणजे सपाट तळाची, मुद्दाम निवडली होती. उकडतें म्हणून तरण-जाकीट काढून आसनाखालीं ठेविलें. चहाची बाटली पुढें देण्यासाठीं आम्ही अर्धवट उठलों, इतक्यांत एका मोटरबोटीची लाट बाजूनें आली. पुढच्या क्षणीं आम्ही पाण्यांत होतों. आम्हांस पोहतां येतें, व कांठ पन्नास हातांवर होता. परंतु त्या पाण्यावरील बर्फ नुकतें वितळलेलें होतें. श्वास एकदम आंत ओढला गेला, तो पाण्यासकट, ओरडतां येईना. जाकीट डोळ्यांसमोर तरंगत होतें, पण बोटें बंद लावीनात. आप्तांनीं जाकीट घातलेलें होतें. त्यांनीं आमची मानगूट धरून आम्हांस कांठास नेलें. दोष सर्वस्वीं आमचा होता.

मागाहून वाचलें तेव्हां आमच्या अनुभवाचा शास्त्रीय अर्थ कळला. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं थंड पाण्याविषयीं ‘एक, दहा, एक’ असें सूत्र सांगितलें आहे. पहिलें एक मिनिट श्वास ताब्यांत आणण्याचें. पुढील दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. आणि सुमारें एक तासानें मनुष्य गारठून बेशुद्ध होतो. लोक त्या तासास भितात, परंतु पुष्कळ जण पहिल्या मिनिटांतच बुडतात. म्हणून जाकीट होडींत असून भागत नाहीं, अंगावर पाहिजे. कॅनडाच्या कायद्यानें तें प्रत्येक माणसामागें होडींत असावेंच लागतें. अंगावर घालण्याचें काम मात्र शहाणपणाकडे राहतें. कौशल्य हा त्यास पर्याय नव्हे. टॉम थॉमसन हा कॅनडाचा थोर चित्रकार याच ॲल्गॉन्क्विनमध्यें वर्षानुवर्षें कॅनूनें हिंडलेला. ८ जुलै १९१७ रोजीं तो कॅनू सरोवरावर एकटा निघाला आणि आठ दिवसांनीं त्याचें प्रेत सांपडलें. बुडून मृत्यु, अशी अधिकृत नोंद आहे. त्याविषयीं तर्कवितर्क आजही चालतात.

तेव्हां वडिलांस आमचें उत्तर असें: पहिल्या उन्हाळ्यांत होडी विकत घेऊं नये, भाड्यानें घ्यावी, तीही दोन निरनिराळ्या घाटांच्या घेऊन पाहाव्या. नंतर १७ फुटांच्या आसपास, उथळ कमानीच्या तळाची व खांद्यास झेपेल अशी एक निवडावी. ती जुन्या बाजारांतील असली तरी कमीपणा नाहीं.

मातोश्रींस उत्तर देणें अधिक कठीण. त्यांची भीति खोटी नाहीं, आणि ‘कांहीं होत नाहीं’ असें सांगून ती घालवूं नये. त्यांनीं नकार न लिहितां पुढील अटी लिहाव्या. कांठ सोडल्यापासून कांठ लागेपर्यंत तिघांच्याही अंगावर जाकीट असेल. प्रवास ऑगस्टांत होईल. नातवास आधीं कांठाजवळच्या कोमट पाण्यांत होडी मुद्दाम उलटवून, उलटल्यावर काय करावें तें शिकविलें जाईल. मार्ग व परतीचा दिवस घरीं एकास लेखी कळविलेला असेल. आणि खळाळ दिसला तर त्यांतून उतरावयाचें नाहीं. होडी खांद्यावर घेऊन बाजूनें चालत जावयाचें. या अटी चिरंजीवांनीं मान्य केल्या तर आशीर्वाद द्यावा. सुनेच्या व नातवाच्या आयुष्यांतील ते पांच दिवस फार चांगले जातील.

असो. नातू परत आला म्हणजे त्यास पत्र लिहून एवढेंच विचारावें कीं, होडीनें तुला किती नेलें आणि तुम्हीं होडीस किती नेलें. त्याचें उत्तर या सदराकडे पाठविल्यास आम्हांस आनंद होईल.